खसखस न घातलेली चटणी

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल, अमिरातीतून माझ्या मैत्रिणीचा, मॅट्रनचा फोन आला. "तिकीट काढलंस ना? मग आता चटणीचं बघ. आणि नीट ऐक, खसखस घालायची नाही. एक दाणासुद्धा नाही."

मी म्हटलं, "मग चटणी तरी कशाला? नुसतं तिखट आणते."

"काहीही आण. पण खसखस म्हणजे अफूच्या झाडाचं बी, इकडं त्याला बंदी आहे. दाणे सापडले तर थेट पोलीस. मी तुला भेटायला तुरुंगात येणार नाही, आत्ताच सांगून ठेवते."

बाहेरच्या लोकांसाठी सांगते. कोल्हापुरात चटणी म्हणजे ताटातली डावीकडची नव्हे, वर्षाचा कांदा-लसूण मसाला. मिरची, खोबरं, तीळ, धणे, जिरे, कांदा, लसूण, गरम मसाला आणि खसखस. ती उन्हाळ्यात करतात. त्यामुळं नोव्हेंबरात मी चटणी कांडायच्या डंकावर गेले तेव्हा तिथल्या मावशींनी आधी मला वर-खाली बघितलं, मग माझ्या पिशव्या उघडून बघितल्या. "खसखस इसरलासा की ओ." म्हटलं, विसरले नाही, घालायचीच नाही. "मग ह्येला काय अर्थ?" वर दोन किलोच्या खाली डंक लावत नाही म्हणाल्या. मला अर्धा किलो हवी होती, झाली दोन किलो. उरलेली दीड किलो अजून घरात आहे, कुणी हात लावत नाही.

मॅट्रन म्हणजे खरी मॅट्रन नव्हे. १९८० साली मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंगला आम्ही एका खोलीत आलो. ती नगरची, मी कोल्हापूरची. सगळ्यांच्या पलंगांच्या चादरी कोपऱ्यात नीट दुमडल्यात का, हे ती रोज सकाळी खऱ्या मॅट्रनच्या आधी तपासायची, म्हणून हे नाव पडलं. नवरा गेल्यावर ती अमिरातीत गेली, अल ऐन नावाच्या गावी, आणि २२ वर्षं तिथंच राहिली. आता मे महिन्यात कायमची परत येणार होती. "मी गाशा गुंडाळायच्या आत एकदा येऊन जा. मी कुठं राहिले ते आपल्यातल्या कुणीतरी बघितलेलं असावं," म्हणाली. असलं काही ती सहसा बोलत नाही, म्हणून मी लगेच हो म्हटलं.

पासपोर्टचं फार सांगण्यासारखं नाही. पोस्टातल्या केंद्रात दोन चकरा झाल्या. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधार कार्डावर सासरचं आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर मिशनरी बाईंनी ठेवलेलं तिसरंच. हा तिसरा कागद कुणी मागितला नव्हता, मीच शहाणपणा करून फाइलीत घातला होता आणि घोळ त्यानंच झाला. व्हिसा मॅट्रननं तिथल्या एजंटाकडून काढला, तो चार दिवसांत मोबाइलवर आला.

खरा पेच चर्चमध्ये पडला. रविवारच्या उपासनेत पाळकसाहेबांनी जाहीर केलं, की आपल्या भगिनी परदेशी निघाल्या आहेत, त्यांच्यासाठी प्रार्थना करू या. महिला मंडळानं मला पुढं बोलावलं, डोक्यावर हात ठेवले. मी निघाले होते मैत्रिणीकडं, पाच मिनिटांत मी सुवार्तेला, म्हणजे धर्मप्रचाराला, निघालेली झाले. मंडळातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या मावशींनी तर एक गठ्ठाच हातात दिला. पत्रिका. मराठी, हिंदी आणि कुठून मिळवल्या कोण जाणे, थोड्या उर्दूसुद्धा. "विमानात दे, टॅक्सीत ठेव. पेरणाऱ्यानं पेरावं, उगवायचं ते उगवतंय."

यात मावशींची चूक नाही. कोल्हापुरात आमच्या एका चर्चला नावच वायल्डरांचं आहे. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ साली इथं आले तेव्हा त्यांना कुणी बोलावणं धाडलं नव्हतं. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला आणि पुढं अमेरिकेत जाऊन त्यानं कॉलेजातल्या हजारो मुलांना मिशनरी व्हायला उभं केलं. शब्बाथ शाळेपासून हे ऐकत मोठं झालेल्या बाईला परदेशी जायचं आणि गप्प बसायचं हे कसं पटावं? मलाही पटलं नव्हतं. रात्री मॅट्रनला फोन केला.

"गठ्ठा घरी ठेव," ती म्हणाली. "इथं मुसलमान माणसाला आपल्या धर्मात ओढायला बघणं हा गुन्हा आहे. आपल्याला चर्च आहेत, मोकळेपणानं जातो, कुणी अडवत नाही. पण जे काय ते चर्चच्या आवारात. तिथं साक्ष दे, गाणं म्हण, रड, काय करायचं ते कर. आणि पवित्र शास्त्र आण, एकच, तुझ्यापुरतं." गठ्ठा साड्यांच्या कपाटात गेला. मावशींना मी हे सांगितलं नाही.

जानेवारीत निघाले. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मिरज सोडल्यावर दशमी काढायला हँडबॅग उघडली, तर आत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं. शेजारच्या वहिनींनी सुनेकडं दिलेलं, 'तुमच्या मैत्रिणीला आमच्या हातची' म्हणून. वास आला आणि माझ्या पोटात गोळा आला. चष्मा लावला, पुडी ट्यूबच्या खाली धरून तिरकी केली. लाल भुकटीत तिळाचे तुकडे दिसत होते आणि त्यांच्या मधे, सुईच्या टोकाएवढे, दुधट रंगाचे दाणे. एक, दोन, पाच, मग मोजणं सोडलं. समोरच्या बर्थवरचे गृहस्थ शिंकायला लागले तेव्हा पुडी बांधली. दादरला उतरून भाच्याकडं गेले, त्याला अर्धा किलो उत्तम चटणी फुकट मिळाली. मी मात्र त्याच्या न्हाणीघरात बसून हँडबॅग उलटी करून साबणानं धुतली आणि केस वाळवायच्या यंत्रानं वाळवली. सुनेला फोनवर काय बोलले ते लिहीत नाही.

अबुधाबीच्या विमानतळावर व्हायचं ते झालंच. एक्स-रेवर बॅग थांबली. काळा बुरखा घातलेली तरुण अधिकारी होती, तिनं पाकीट बोटानं दाखवून विचारलं, हे काय? मी हिंदीत सुरू झाले, "मसाला है, लेकिन खसखस नहीं है, बिलकुल नहीं है." खसखशीचं तिनं विचारलंच नव्हतं. चोराच्या मनात चांदणं, पण मी तर चोरीसुद्धा केली नव्हती. तिनं माझ्याकडं बघितलं, पाकीट उघडलं, नाकाजवळ नेलं, तोंड फिरवून दोनदा शिंकली आणि हातानंच जा म्हणाली.

अल ऐन म्हणजे झरा. अबुधाबीपासून दीड तास नुसती वाळू आणि मग एकदम खजुराची दाट बाग. बागेतून आपल्या पाटासारखे पाण्याचे पाट जातात, त्यांना फलज म्हणतात, आणि त्या भागातले सगळ्यांत जुने सुमारे ३००० वर्षांपूर्वीचे. गावाला लागून जबल हफीत नावाचा डोंगर, पार उघडा. एक झाड नाही. पन्हाळ्याच्या सवयीच्या डोळ्यांना तो डोंगर वाटतच नाही, डोंगराचा सांगाडा वाटतो.

मॅट्रननं दुसऱ्याच दिवशी मला एका हॉस्पिटलसमोर नेऊन उभं केलं. ती नोकरीला तिथं नव्हती, दुसरीकडं होती, पण दाखवायचं होतं ते हे. १९६० साली पॅट आणि मॅरियन केनेडी हे अमेरिकन डॉक्टर जोडपं शेख झायेद यांच्या बोलावण्यावरून इथं आलं. तेव्हा बाळंतपणात बाया आणि मुलं फार दगावायची. मातीच्या एका घरात दवाखाना सुरू झाला. लोकांना केनेडी म्हणता येईना, ते म्हणायचे कनद. २०१९ मध्ये हॉस्पिटलचं नावच कनद करून टाकलं. पाटीवर ते नाव आहे, अरबीतही.

मला त्यातली आवडली ती गर्ट्रूड डायक. कॅनडाची नर्स, १९६२ मध्ये आली आणि ३८ वर्षं राहिली. नर्सच, पण गावातल्या बाया तिला 'डॉक्टरा लतीफा' म्हणायच्या. आमच्या मिरजेला १८९४ मध्ये दवाखाना काढणारे वॅनलेससाहेबही कॅनडाचेच. मी मॅट्रनला म्हटलं, मी ३४ वर्षं नोकरी केली, मला कधी कुणी डॉक्टरीण म्हटलं नाही, 'ओ सिस्टर, भांडं द्या' एवढंच. ती म्हणाली, तू वाळवंटात कुठं गेली होतीस?

शुक्रवारी संध्याकाळी उपासनेला गेलो. २०२२ पासून तिकडं सुट्टी शनिवार-रविवारची झाली आहे, तरी चर्चच्या काही मंडळ्यांनी शुक्रवार सोडलेला नाही, मॅट्रनची त्यातलीच. एका आवारात पाच-सहा भाषांची देवळं म्हणा ना. या खोलीत मल्याळी, त्या खोलीत फिलिपिनो, पलीकडं पाकिस्तानातले पंजाबी ख्रिस्ती, पेटी आणि ढोलकीवर. पेटीचा सूर ऐकून मी दारातच थांबले, एवढी ती आमच्या भजनाच्या पेटीसारखी वाजत होती. मॅट्रननं दंडाला धरून पुढं नेलं, आपली खोली ही नव्हे.

साक्ष द्यायचं, म्हणजे देवाचा आपल्याला आलेला अनुभव सगळ्यांपुढं सांगायचं, आधीच ठरलं होतं. मी कोल्हापुरातून चार पानं लिहून नेली होती. वायल्डर, मिरज, आमची मंडळी, शेवटी प्रार्थनेनं बऱ्या झालेल्या एका पेशंटची गोष्ट. ती गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे, की त्यातला पेशंट मला आता आठवत नाही, गोष्टच आठवते. उभी राहिले तर पाळक हळूच म्हणाले, पाच मिनिटं. त्यात माझ्या हिंदीचं इंग्रजी करणारा मल्याळी मुलगा शेजारी, म्हणजे माझी अडीच. आणि चष्मा बाकावर राहिलेला. चार पानं हातात, एक अक्षर दिसेना.

तेव्हा मी जे बोलले ते मी ठरवलेलं नव्हतं.

१९८१, माझी पहिली रात्रपाळी, पुरुषांचा वॉर्ड. सांगोल्याकडचा एक म्हातारा होता, गळ्यात तुळशीची माळ. मुलगा पैशाची सोय करायला गावी गेलेला. पहाटे तीनच्या पुढं म्हाताऱ्याचा श्वास बदलला. कसा बदलतो ते ज्यांनी ऐकलंय त्यांना सांगायला नको. सिनियर सिस्टर दुसऱ्या वॉर्डात. मी नाडी धरली तर त्यानंच माझं मनगट धरलं आणि म्हणाला, "बाई, नाव घ्या." मला वाटलं माझं नाव विचारतोय. मी माझं नाव सांगितलं. त्यानं मान हलवली. "तुमचं न्हवं. त्येचं."

मग कळलं. मी १९ वर्षांची, गणवेशाच्या खिशात नवा करार. मी त्याच्या कानाशी वाकले आणि विठ्ठल, विठ्ठल म्हणत राहिले, त्याची पकड सुटेपर्यंत. पंधरा मिनिटं असेल. मग हात धुतले, कागदावर वेळ लिहिली, ३.४०. ही गोष्ट मी फक्त मॅट्रनला सांगितली होती, त्याच सकाळी. ती म्हणाली होती, "झोप आता." त्यानंतर चाळीसवर वर्षं आम्ही दोघींनी तो विषय काढला नाही.

भाषांतर करणारा मुलगा 'विठ्ठल'पाशी अडला. त्यानं कानात विचारलं, "ये कौन हैं?" मी म्हटलं, "उनके भगवान." तो थोडा थांबला आणि मग इंग्रजीत काहीतरी बोलला. काय बोलला ते मला आजही माहीत नाही.

कुणी आमेन म्हटलं नाही. एसीचा आवाज येत राहिला. पाळकांनी घाईनं पुढचं गाणं सांगितलं. मी बाकावर येऊन बसले, चष्मा लावला आणि चार पानांकडं बघत राहिले. वाटलं, एवढ्या लांब येऊन मैत्रिणीची अब्रू घालवली.

चहाच्या वेळी एक पाकिस्तानी वडीलधारे गृहस्थ आले. फार अदबीनं म्हणाले, बहनजी, तुमचं मन चांगलं होतं, पण दुसऱ्या देवाचं नाव घ्यायला नको होतं, पहिली आज्ञाच ती आहे. माझ्याकडं उत्तर नव्हतं. पहिली आज्ञा मलाही पाठ आहे, आणि आपल्या देशात ख्रिस्ती म्हणून जगताना या माणसानं काय सोसलं असेल ते मी काय सांगू. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

ते गेल्यावर एक फिलिपिनो नर्स आली, पन्नाशीची. मोडक्या हिंदी-इंग्रजीत तिनं सांगितलं, कोरोनाच्या दिवसांत ती अतिदक्षता विभागात होती. एका पेशंटच्या घरच्यांना आत सोडत नव्हते. त्यांनी फोनवर कुराण लावलं आणि तिनं हातमोज्यांच्या हातानं तो फोन त्याच्या कानाशी धरून ठेवला, दीड तास. खांदा दुखायला लागला तेव्हा हात बदलला. आपल्या मंडळीत तिनं हे कुणाला सांगितलेलं नव्हतं. बोलून झाल्यावर तिनं माझं कोपर घट्ट धरलं आणि कपातला चहा तसाच ठेवून निघून गेली.

गाडीत मॅट्रन बराच वेळ काही बोलली नाही. घर आल्यावर म्हणाली, "सांगोल्याचा नव्हता तो. मंगळवेढ्याचा होता."

पुढच्या आठवड्यात ती मला एका म्हातारीकडं घेऊन गेली. तिथलीच, अरब. मॅट्रननं चार वर्षं तिच्या पायाचं ड्रेसिंग केलं होतं, तेव्हापासून जाणं-येणं. दारात म्हातारीनं "सलाम" म्हटलं आणि मीही सवयीनं "सलाम" म्हटलं. आमच्या मंडळीत जुनी माणसं एकमेकांना सलामच करतात. तिला वाटलं मी तिची रीत पाळली. म्हातारीला हिंदी बऱ्यापैकी येत होतं. तिकडं १९६६ पर्यंत आपल्या रिझर्व्ह बँकेनं आखाती देशांसाठी काढलेला रुपया चालायचा. तिच्या बापाच्या पेटीत त्या नोटा होत्या, तिनं सांगितलं. धाकटी दोन मुलं कनदला झालेली.

खजूर झाला, बिनसाखरेचा कडू कहवा झाला. मग तिनं मला विचारलं, "तू नमाज पढतेस?"

मी मॅट्रनकडं बघितलं. तिचा चेहरा चादरी तपासताना असायचा तसा. मी म्हटलं, दुआ करते. कुणाच्या नावानं? ईसाच्या, म्हणजे येशूच्या. म्हातारीनं मान डोलावली, "ईसा इब्न मरियम," म्हणाली आणि खजुराची बी तोंडातून काढून बशीत ठेवली. मग म्हणाली, "माझ्या गुडघ्यासाठी कर."

मी मराठीतच केली. देवबापा, या आजीला उठता-बसता फार त्रास होतो, एवढंच, जास्त शब्द सुचले नाहीत. माझं संपायच्या आत तिनं "आमीन" म्हटलंसुद्धा.

बाहेर आल्यावर मी मॅट्रनला विचारलं, काही चुकलं का गं? म्हणाली, "तू सुरू केलं नाहीस. तिनं विचारलं, तू सांगितलंस." गाडी सुरू करता करता पुढं म्हणाली, "गुडघा मात्र बरा व्हायचा नाही. एक्स-रे बघितलाय मी."

निघायच्या आधल्या रात्री तांबडा-पांढरा केला. पांढऱ्या रश्शाला खसखशीच्या जागी काजू आणि तीळ जास्त घातले. मल्याळी भाषांतरकार, फिलिपिनो नर्स आणि शेजारचं एक नेपाळी जोडपं जेवायला होतं. चटणी घातलेला तांबडा रस्सा पिऊन नेपाळी पोराच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, तरी त्यानं दुसरी वाटी घेतली. जेवणाआधी प्रार्थना मॅट्रननं केली, दोन वाक्यांची. पांढऱ्याला दाटपणा आला होता, चव आली नव्हती. असं माझं मत. बाकीच्यांना फरक कळायचं कारण नव्हतं.

परत आल्यावर महिला मंडळानं वृत्तांत मागितला. मी कनदचं सांगितलं, एका आवारातल्या पाच-सहा भाषांचं सांगितलं. पत्रिका दिलेल्या मावशींनी विचारलं, "किती जणांना साक्ष दिलीस?" मी म्हटलं, पाच मिनिटं दिली. त्यांना ते उत्तर आवडलं नाही. म्हाताऱ्याची गोष्ट तिथं निघाली नाही माझ्या तोंडातून. इथं लिहिते आहे ते मावशी वाचणार नाहीत, त्यांना मोतीबिंदू आहे, पण त्यांची नात वाचेल आणि संध्याकाळपर्यंत त्यांना सांगेल. गठ्ठा त्यांना तसाच परत नेऊन दिला. त्यांनी मोजून घेतला.

एप्रिलच्या शेवटी मॅट्रनचा फोन आला. सामान गेलं होतं, घराच्या किल्ल्या द्यायच्या राहिल्या होत्या. मागे रिकाम्या खोलीत आवाज घुमतो तसा घुमत होता. "वीस तारखेला उतरते. आधी चार दिवस तुझ्याकडं येणार, मग नगरला. चटणीचे दिवस आहेत ना सध्या?"

"आहेत. परवाच डंकावर नंबर लावलाय."

"मग माझी पण घाल त्यात, दोन किलो. आणि हे बघ," म्हणाली, "खसखस दुप्पट."